पाहणीला आलेला पाहुणा

१८ जून २००२

ही डायरी साखर कारखान्याची आहे आणि मागच्या वर्षाची आहे. आबांना कुणा ठेकेदारानं दिली. आई म्हणते, पगाराऐवजी दिली असेल. पानावरचा वार रोज चुकीचा निघतो, म्हणून तो खोडूनच सुरुवात करायची.

आज कोल्हापुरातल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष मी गावाकडच्या कॉलेजात केलं. तिथं केमिस्ट्री पुढं नाही, आणि मला केमिस्ट्रीच करायची आहे. पाव्हण्यारावळ्यांनी बरंच समजावलं, बी.ए. कर, डी.एड. कर. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कॉलेजचा दाखला काढला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. सरकारी शिष्यवृत्ती फीपुरती, आणि ती हातात येईपर्यंत वर्ष सरतं. होस्टेल आणि मेसचं काय? इथं कॉलेजचं विद्यार्थी सहाय्य मंडळ आहे, ते गरजू मुलांचा हा खर्च उचलतं. खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, "बाहेरच्या कॉलेजातनं आलेल्यास्नी अर्धीच मदत. नियम हाय."

अर्ध्या मदतीत होस्टेल होतं, मेस होत नाही. म्हणजे राहायचं, पण जेवायचं नाही. पूर्ण मदत मिळाली नाही तर दिवाळीला सामान गुंडाळून मुरगूडच्या पलीकडं आमच्या वाडीत परत. तसं मी होऊ देणार नाही.

२५ जून

मंडळाच्या ऑफिसात गेले. तिथं हंबीरराव नावाचे निवृत्त मास्तर बसतात. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आवाज अजून वर्गात असल्यासारखा. मी उभ्या उभ्याच विषयाला हात घातला.

"सर, मला अर्धी मदत का?"

"ट्रान्सफर हाय न्हवं तुझी?"

"माझी ट्रान्सफर झाली, पोटाची अर्धीच झालीया व्हय?"

बाजूचा क्लार्क फिसकन हसला. हंबीररावांनी चष्मा काढून मला नीट बघितलं. मला वाटलं आता बाहेर काढणार. ते म्हणाले, "जीभ चांगलीच परजून आलीयास की. बस. पूर्ण मदत मिळती, पण त्येला घरपाहणी लागती. मी स्वतः येऊन घर बघणार, खरंच गरज हाय का लिहिणार, मग मंडळ ठरवणार. घरी पत्र टाकतो."

म्हटलं, खुशाल बघा. आमच्या घरात बघण्यासारखं काहीच नाही, हेच तर दाखवायचं आहे.

३० जून

माझी रूममेट मोना नेसरीची. त्यांची शेती आहे, म्हशी आहेत. दर आठवड्याला एसटीनं तिचा डबा येतो आणि त्यात दोन माणसांचं असतं. मोना म्हणते तिच्या आईला अंदाजच येत नाही. वर हिचं डाएट चाललंय. "मी खात न्हाय, तूच संपीव, टाकायचं पाप नको," म्हणते. मग मी संपवते. एवढं डाएट करून बाई एक किलो उतरली नाही, हे तिला एकदा सांगितलं पाहिजे.

११ जुलै

नाकारलं.

मी खिडकीशी भांडले तेव्हा क्लार्कनं अहवालच वाचून दाखवला. "घरात संपूर्ण फरशी. रंगीत टीव्ही. सहा खुर्च्या. पाहणीवेळी मांसाहारी भोजन. कुटुंब सुस्थितीत. पूर्ण मदतीची गरज दिसत नाही."

हे कुणाच्या घरी गेले होते? आमच्याकडं खुर्ची म्हणजे आबांची एक, तिचा पाय तारेनं बांधलेला. टीव्ही बघायला आम्ही शेजारच्या बयाबाईंच्या दारात जातो. हंबीरराव वाट चुकून सरपंचाच्या घरात शिरले असणार. रविवारी गावी जाऊन आबांची सही आणते आणि ह्या लोकांना बरोबर दाखवते.

१४ जुलै

वाट कोणीच चुकलेलं नव्हतं.

आत आले तर परड्यातली कोंबडी दिसेना. आईला विचारलं, तशी ती भाकरी थापत राहिली. मग आबाच बोलले, आणि काय उत्साहानं. "कोल्हापूरच्या कॉलेजातला मोठा मास्तर येणार म्हटल्यावर काय करायचं? आकारामच्या मंडपातनं खुर्च्या आणल्या. बयाबाईनं टीव्ही दिला, कपबश्या दिल्या. तुझ्या आईनं रस्सा केलता बघ, तांबडा, नुसता वास पार चावडीपातूर."

टीव्हीला अँटेना नव्हता. हंबीररावांनी बातम्या लावा म्हटल्यावर आबांनी त्यांना सांगितलं की लाईट गेली आहे. डोक्यावर बल्ब जळत होता.

आणि ती संपूर्ण फरशी! आबा गवंडी. तीस वर्षं लोकांची घरं बांधली. प्रत्येक घरातनं फुटके तुकडे मागून आणले आणि आमच्या जमिनीत बसवले. एक लाल, एक निळा, एक फुलाचा, अर्धं फूल इथं आणि उरलेलं कुणा डॉक्टरांच्या मोरीत. भंगाराची जमीन आहे ती. पण आबांनी जोड असे घेतलेत की बघणाऱ्याला वाटावं मुद्दाम नक्षी काढली आहे.

मी खूप बोलले. जे बोलू नये तेही बोलले. "आबा, तो गरिबी बघायला आलता. तुमी त्येला श्रीमंती दावली. माझं वरीस घालवलं तुमी."

आबा म्हणाले, "पावणा दारात आल्यावर त्येला काय खाली बसवायचा?"

"तो पावणा नव्हता. पाहणीला आलता."

"जेवला की पर आपल्यात." हे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मांडी घालून, पोटभर. दोनदा रस्सा मागून घेतला. माझा बा पाटलाच्या दारात ओंजळ धरून पाणी प्याचा. त्येला हे बघाय मिळालं न्हाय."

विषय माझ्या मेसचा चाललाय आणि हे आज्ज्यावर जातात. आबांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी न जेवता शेवटच्या गाडीनं परत आले. आईनं पिशवीत भाकऱ्या घातल्या होत्या, त्या मात्र गाडीत खाल्ल्या.

१६ जुलै

सगळ्यांकडं उपाय तयार आहे. मोना म्हणते, पुन्हा पाहणी माग आणि ह्या वेळी घर रिकामं कर. भांडी शेजारी ठेव, फरशीवर शेण सारव, आईला फाटकं लुगडं नेसव. क्लार्कसुद्धा हळूच म्हणाला, "जरा गरीब दिसाय पायजे गं. मागल्या वर्षी एकीनं आज्जीला खाटंवर झोपवली, लगेच मंजूर."

खरं सांगायचं तर मी तासभर विचार केला. फरशीवर शेण सारवायचं, हे तर मला पटलंही होतं. मग आबा गुडघ्यावर बसून तुकडा तुकडा घासतात ते डोळ्यांसमोर आलं आणि स्वतःचाच राग आला. परवा आम्ही श्रीमंतीचं सोंग केलं, आता गरिबीचं करायचं. सोंगं करायला आमचं घर म्हणजे तमाशाचा फड नाही. जे आहे ते बघा आणि त्यावर ठरवा. मंडळाच्या बैठकीत मला बोलू द्या, असा अर्ज देऊन आले.

२२ जुलै

आज माझा दिवस.

बैठकीत लांब टेबलामागं पाच-सहा माणसं, मध्ये अध्यक्षसाहेब, टोकाला हंबीरराव. खुर्च्या कुणाच्या, टीव्ही कुणाचा, फरशी कसली, सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे तुम्ही मंडळाला फसवलं?"

मी म्हटलं, "साहेब, घरी माणूस येणार म्हटल्यावर तुमच्याकडं चादर बदलत नाहीत? आमच्याकडं चादरच नाही, म्हणून आम्ही खुर्च्या आणल्या. पण कोंबडी आमचीच होती. सर जेवले आणि तेच जेवण आमच्याविरुद्ध लिहिलं. लग्नात जेवून उठलेला माणूस यजमानाची चौकशी लावत नाही."

टेबलावर सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "काय हंबीरराव, जेवलासा व्हय?" हंबीररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग अध्यक्षांनी तिथल्या तिथं दोन गोष्टी लिहून घेतल्या. एक, माझी पाहणी पुन्हा होणार, येत्या रविवारी, मी घरी असताना. आणि दुसरी, आजपासून पाहणीला जाणाऱ्यानं विद्यार्थ्याच्या घरी काहीही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. घेतलं तर पाहणी बाद.

मी बोलले आणि मंडळानं नियम केला. जिना उतरताना एकटीच हसत होते. मंडळ माझं ऐकणार नाही म्हणून मोनानं राजाभाऊच्या भेळेची पैज लावली होती, ती तिनं लगेच भागवली.

गावात मंडपवाल्या आकारामच्या दुकानात फोन लावून आबांना बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. आबांनी विचारलं, "पाणीसुद्धा न्हाय?"

"न्हाय आबा. आता कोंबडीबिंबडीची भानगडच न्हाय."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. फोनच्या डब्यात टाकलेला रुपया अजून संपलाही नव्हता. कामावरनं दमून आले असतील. नाहीतर एवढी मोठी बातमी ऐकून माणूस चार शब्द तरी बोलतो.

२८ जुलै

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण उद्या मीच माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

सकाळी घर झाडलं. काही आणलं नाही, काही लपवलं नाही. आबांनी आकारामकडं जायला पायात चपला घातल्या होत्या, त्या मी काढायला लावल्या. अकराच्या सुमाराला हंबीरराव एम-८० गाडीवरनं आले. तारेच्या खुर्चीवर बसवलं. ती करकरली तसे ते म्हणाले, "ही तुमचीच दिसती." आई पदराआड हसली.

मग फरशी. आबांनी एकेक तुकडा कुठला ते सांगायला घेतलं. निळा मुरगूडच्या डॉक्टरांचा, लाल शाळेच्या मुतारीचा, काळा कारखान्याच्या एका संचालकाच्या देवघरातला, त्यानं आबांचं बिल अजून दिलेलं नाही. हंबीरराव वाकून बघत होते. आबांना म्हणाले, "जोड काय घेतलायसा हो बाबासो. नख घालावं तर बसत न्हाय." त्यांनी विचारून विचारून सगळं लिहून घेतलं. आई कुणाच्या रानात तण भांगलायला जाते, आबांना पावसाळ्यात काम किती मिळतं. काम असं चोख चाललं होतं की मी मनात पूर्ण मदत घेऊनसुद्धा टाकली.

तेवढ्यात आबा आत गेले आणि पेल्यातनं पाणी घेऊन आले. पेला चिंचेनं घासलेला, वर धरलेला.

"घ्या सर."

हंबीररावांनी हात वर केला. "नको बाबासो. पाणी घेता यायचं न्हाय."

आबा तसेच उभे राहिले. हात लांब, पेला हातात. माझ्या आबांचा चेहरा मी रागानं लाल झालेला बघितलाय, पैसे बुडल्यावर उतरलेला बघितलाय. हा तसा नव्हता. पूर्वी कधीतरी घर सोडून गेलेलं माणूस परत दारात दिसावं आणि त्याला बघून आनंद होऊ नये, तसा होता. मग त्यांनी हळूच विचारलं, "नियम म्हंजे, सगळ्यांच्याच घरात?"

"सगळ्यांच्याच," हंबीरराव म्हणाले. पण त्यांनाही काहीतरी उमगलं असावं, कारण ते खाली फरशीकडं बघून म्हणाले.

आबा कोंबडी कापायला का धावले, जेवला की जेवला की का म्हणत होते, ते मला आत्ता कळलं. आज्जा पाटलाच्या दारात ओंजळ धरून उभा राहायचा. त्याच्या लेकाच्या घरात एक माणूस रस्सा मागून जेवला, आणि त्याच माणसाला त्याच घरातलं पाणी नको म्हणायला मी शिकवलं. टेबलावरच्या माणसांना हसवून शिकवलं. माझी मला लाज वाटली. एवढी लाज मला मदत मागतानासुद्धा वाटली नव्हती.

मी म्हटलं, "सर, पाणी घ्या."

"अगं, तुझ्यामुळंच तर..."

"व्हय, माझ्यामुळंच. मी चुकलो. पाणी घ्या."

"घेतलं तर पाहणी बाद. पूर्ण मदत गेली म्हणून समज. घरातल्यास्नी विचार आधी."

"त्यास्नी कशाला इचारू? पेला बघा की कुणाच्या हातात हाय."

आईनं मला मागनं चिमटा काढला. काढून झाल्यावर हात तसाच पाठीवर राहू दिला.

हंबीरराव उठलेले होते, ते पुन्हा खुर्चीवर टेकले. पेला घेतला. वरून घोट घेतला नाही, तोंड लावून प्यायले, सगळं. मग पेला पुढं करून म्हणाले, "आणि घाला की." आबा आत पळत गेले, माझ्या देखत आबा कधी पळाले नव्हते.

जाताना सरांनी आमच्यासमोर कागदाच्या शेवटी लिहिलं, 'पाणी घेतले.' खाली सही केली.

मी म्हटलं, "न्हाय लिवलं तर चालंल की."

"चालंल," ते म्हणाले. "पर घेतलं न्हवं?"

३१ जुलै

आता भीती वाटते. तिथं बोलताना छाती भरून आली होती, इथं मेसचं कुपन बघितलं की रिकामी होते. मोनानं ऐकून कपाळावर हात मारला. "एक पेला पाण्यापायी? अगं, नंतर दोन हांडे पाजायचंस की त्येला." मग रात्री डबा माझ्याकडं सरकवून म्हणाली की आजपासून डाएट आणखी कडक. मी म्हटलं, मर उपाशी.

तिचं चुकलं असं म्हणवत नाही. पदवी झाली असती तर घराचं काहीतरी झालं असतं. एका पेल्यानं काय झालं? विचारते आणि मग आबांचा तो लांब धरलेला हात आठवतो. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. फक्त एवढं रडूबाईसारखं लिहिणार नाही.

५ ऑगस्ट

बैठक झाली. मला बोलावलं होतं.

अध्यक्षसाहेब वैतागलेले. "नियम तुझ्यामुळं केला, मोडायला पण तूच लावलास. मंडळ म्हणजे काय पोरखेळ आहे?"

"नियम चुकला, साहेब. आधी मी चुकले, मग तुम्ही लिहिलंत. पाहुण्यानं कोंबडी खाऊन गरिबी मोजू नये, हे बरोबर. पण आमच्या घरात येऊन पाणी नको म्हणण्याला जुनं नाव आहे. ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मला इथं घ्यायला लावू नका."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. शेवटी हंबीररावच बोलले, "नियम ठिवायचा आसंल तर पाहणीला दुसरा माणूस बघा. मी कुणाच्या दारातनं पाणी नाकारून येणार न्हाय."

बरीच कुजबुज झाली. मग लिहिलं, 'पाहणीवेळी पाणी घेण्यास हरकत नाही.' मी म्हटलं, हरकत नाही असं कशाला, दिलं तर घ्यावं असं लिहा. अध्यक्षांनी माझ्याकडं असं बघितलं की मी अर्धी मदतसुद्धा घालवणार की काय असं वाटलं. पण त्यांनी खोडलं आणि लिहिलं, 'दिल्यास घ्यावे.'

माझं काय? मोडला तेव्हा नियम लागू होता, म्हणून पाहणी बाद. यंदा अर्धीच मदत. पुढचा विचार जानेवारीच्या बैठकीत.

म्हणजे जे मागायला गेले ते मिळालं नाही आणि जे मागितलं नव्हतं ते घेऊन आले. लॅबमधल्या काचा धुवायला 'कमवा आणि शिका'तून एक जागा आहे, ती आजच धरली. जेवण निम्मं तरी सुटेल. गावाला परत जाणार नाही. दिवाळीला जाईन ती फराळाला.

संध्याकाळी आबांना फोन केला. घाबरतच सांगितलं, पूर्ण मदत गेली म्हणून.

"आणि नियम?"

"काढला. दिलं तर घ्यायचं, असं लिवलंय आता."

"बरं झालं." मग म्हणाले, "संघे, त्या सरास्नी म्हणावं, रविवारी जेवाय या."

"आबा, पाहणी संपली. आता बघायला काय उरलंय आपल्यात?"

"म्हणूनच बोलव की."

फोन ठेवून तशीच मंडळाच्या ऑफिसात गेले. हंबीरराव कुलूप लावत होते. रविवारचं सांगितलं. ते म्हणाले, "येतो. रस्सा आसंल तर चांगलंच." मग मी त्यांना कुलूप पुन्हा उघडायला लावलं आणि जानेवारीच्या बैठकीसाठी उरलेल्या अर्ध्या मदतीचा अर्ज देऊन आले.